मेसेज वाचला नातवानं, गोळी बंद केली आजीनं : हृदयविकारानंतरच्या मोबाइल संदेशांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या धर्मादाय रुग्णालयातलं हे प्रकरण आहे. रुग्णाची आणि संस्थेची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

रुग्ण ६१ वर्षांच्या बाई. पर्वतीच्या पायथ्याजवळच्या वस्तीत राहतात आणि पालेभाजी विकतात. पहाटे चारला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल घ्यायचा, दुपारी बारापर्यंत रस्त्याकडेला पाटी मांडून बसायचं, मग घरी जेवण आणि झोप. घरात मुलगा, सून आणि दोन नातवंडं. मुलगा पिरंगुटजवळच्या कारखान्यात शिफ्टमध्ये कामाला. शिक्षण तिसरीपर्यंत, त्यामुळे पाटीवरचा भाव आणि बसचा फलक त्या वाचतात, पण सलग मजकूर वाचायचा कंटाळा. मधुमेह बऱ्याच वर्षांचा.

जुलैत हृदयाच्या पुढच्या भिंतीचा झटका आला. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या एलएडी धमनीत एक स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळी, बसवला, खर्च महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतून झाला. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतल्या रक्तातला जेवढा भाग बाहेर ढकलतं तो, ४० टक्के, नेहमीपेक्षा कमी. चौथ्या दिवशी घरी सोडताना कागदावर होतं ते असं : सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल ४०, नाश्त्यानंतर मेटोप्रोलॉल २५, दुपारी जेवणानंतर ॲस्पिरिन ७५ आणि क्लोपिडोग्रेल ७५, रात्री ॲटोर्वास्टॅटिन ८० आणि रॅमिप्रिल २.५, शिवाय मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा. दिवसाला आठ गोळ्या. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायला सॉर्बिट्रेट ५ मिलिग्रॅम, ती वेगळी. झटक्याआधी बाई दोन गोळ्या घेत होत्या.

रुग्णालयात हृदय पुनर्वसनाचं छोटं पथक आहे : एक परिचारिका, एक फिजिओथेरपिस्ट, आठवड्यातून दोनदा येणाऱ्या आहारतज्ज्ञ आणि वैद्यकीय समाजसेवक. पुनर्वसनाच्या वर्गाला आठवड्यातून तीनदा येणं बहुतेकांना जमत नाही. रोजगार बुडतो, रिक्षाचे पैसे जातात. म्हणून व्हॉट्सॲप बिझनेसच्या साध्या ॲपवरून सहा महिने, आठवड्याला चार संदेश, सकाळी अकरा वाजता, असा उपक्रम सुरू होता. विषय चार : औषधं, आहार, चालणं, तंबाखू.

हा आराखडा हवेतून आलेला नव्हता. सिडनीतल्या ‘टेक्स्ट मी’ या चाचणीत हृदयधमनीविकाराच्या ७१० रुग्णांपैकी निम्म्यांना सहा महिने आठवड्याला चार एसएमएस पाठवले होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत संदेश मिळालेल्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी १२८ होता, दुसऱ्या गटाचा १३६. धूम्रपान करणारे २६ टक्के विरुद्ध ४३ टक्के. एलडीएलमध्ये, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलमध्ये, फरक होता, पण थोडा : ७९ आणि ८४. आकडे बघून कोणत्याही पथकाला हुरूप यावा असेच आहेत. मात्र तिथला रुग्ण स्वतःचा फोन स्वतःच्या खिशात ठेवतो आणि आलेला मजकूर स्वतः वाचतो. ही अट निबंधात ठळक अक्षरांत लिहिलेली नसते, कारण तिथे ती लिहावीच लागत नाही.

अडचण

डिस्चार्जनंतर सहाव्या आठवड्यात बाई ठरलेल्या तारखेला ओपीडीत आल्या नाहीत. तोवर गेलेल्या प्रत्येक संदेशावर दोन निळ्या टिका होत्या, म्हणजे पथकाच्या तक्त्यात हा रुग्ण ‘नियमित वाचणारा’ होता. परिचारिकेनं अर्जावरच्या दुसऱ्या नंबरावर फोन लावला. तो बाईंचा स्वतःचा बटणांचा फोन होता.

“मावशी, दुपारी जेवल्यावर कुठल्या गोळ्या घेता?”

“पांढरी घेते की. गुलाबी बंद केलीय.”

“कुणी सांगितली बंद करायला?”

“दातवाल्यानं. दाढ काढायचीये ना. पण गौरी झाल्याबिगर कुठं सवड मिळतीय सिस्टर, आता तर धंद्याचं दिवस.”

गुलाबी गोळी म्हणजे क्लोपिडोग्रेल, पांढरी म्हणजे ॲस्पिरिन; दोन्ही रक्त पातळ करायच्या. दातांच्या डॉक्टरांनी नेमकं काय सांगितलं होतं, ते नंतर सुनेकडून कळलं : “हार्टच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा, रक्त पातळ करायची गोळी पाच दिवस बंद ठेवता येते का ते विचारा.” घरी पोहोचेपर्यंत त्यातला प्रश्न गळून पडला आणि ‘पाच दिवस बंद’ एवढंच उरलं. मग गौरी-गणपतीची गर्दी आली. गौरीच्या नैवेद्याच्या भाज्या, केळीची पानं, पत्री, वर्षातला सगळ्यात चांगला आठवडा. दाढ पुढे ढकलली गेली, गोळी बंदच राहिली. फोन झाला तेव्हा दहावा दिवस होता.

स्टेंट नवा असताना दोन्ही गोळ्या लागतात याचं कारण सरळ आहे. उघड्या धातूच्या जाळीवर आतलं अस्तर चढायला वेळ लागतो, आणि तोवर त्या जाळीवर रक्ताची गुठळी धरू शकते. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर येणारा झटका बहुतेक वेळा मोठा असतो. झटक्यानंतर बसवलेल्या स्टेंटसाठी दोन गोळ्या साधारण वर्षभर चालवतात, आणि पहिल्या काही महिन्यांत मनानं एक बंद करणं यासारखी दुसरी धोक्याची गोष्ट नाही. शिवाय साधी दाढ काढायला बहुतेक वेळा गोळी बंद करावीच लागत नाही. गॉझ दाबून धरणं, एखादा टाका, एवढ्यावर रक्त थांबतं.

बाईंना त्याच दिवशी बोलावून घेतलं. ईसीजीत नवा बदल नव्हता. गोळी पुन्हा सुरू झाली. ती किती मात्रेनं सुरू करायची हे हृदयरोगतज्ज्ञांनी तपासून ठरवलं, आणि ते तसंच ठरलं पाहिजे. ‘पुन्हा चालू करा’ एवढं फोनवर सांगून मोकळं होण्याचा हा विषय नाही.

मग समाजसेवक घरी जाऊन आले. संदेश ज्या स्मार्टफोनवर जात होते तो मुलाचा. सकाळी अकरा वाजता तो फोन पिरंगुटला असायचा. ‘दुपारची गोळी जेवणानंतर घ्या’ हा संदेश ज्याच्या हातात पडायचा तो माणूस गोळी घेणाऱ्यापासून वीसेक किलोमीटरवर यंत्रासमोर उभा. संध्याकाळी घरी आला की फोन नातवाकडे, गेम खेळायला. गेमच्या आड येणारी सूचना घालवायची म्हणून तो संदेश उघडायचा आणि लगेच बंद करायचा. निळी टिक त्याची होती.

गोळ्यांचा डबा भरायची सून. तिच्याकडे स्वतःचा फोन होता. तो नंबर कुणी विचारलाच नव्हता, कारण अर्जावर ‘नातेवाईक’ हा एकच रकाना होता आणि तिथे मुलानं सही केली होती.

भेटीत आणखी तीन गोष्टी दिसल्या. सॉर्बिट्रेटची पट्टी देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याशेजारी जपून ठेवली होती. बाई निम्मा दिवस घराबाहेर, पट्टी देवापाशी. दुसरं, जनऔषधी दुकानातून आणलेल्या गोळ्यांची नावं रुग्णालयाच्या कागदावरच्या नावांशी जुळत नव्हती. सुनेनं ॲटोर्वास्टॅटिनच्या, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या, दोन वेगळ्या नावांच्या पट्ट्या दोन वेगळी औषधं समजून चार दिवस दोन्ही दिल्या होत्या. तिसरी गोष्ट मशेरी. भरती करून घेताना ‘सिगारेट, बिडी, तंबाखू?’ असं विचारलं होतं आणि बाईंनी खरं तेच सांगितलं होतं : नाही. मशेरी ही त्यांच्या लेखी दात घासायची वस्तू. दिवसातून तीनदा. भाजून पूड केलेला तंबाखूच तो, पण त्या नावानं कुणी विचारलं नव्हतं. दुखरी दाढ मशेरीच्या भरवशावर कितीतरी दिवस अंगावर काढलेली होती.

विचारात घेतलेले पर्याय

पहिली सूचना आली ती संदेश वाढवायची : रोज एक, औषधाच्या वेळी आठवण. ती मागे पडली, कारण बाई गोळी विसरल्या नव्हत्या. त्यांनी विचार करून, त्यांच्या दृष्टीनं डॉक्टरांच्याच सांगण्यावरून, ती थांबवली होती. विसरणं आणि थांबवणं यांना एकच औषध लागू पडत नाही. ऑस्ट्रेलियातच पुढे झालेल्या ‘टेक्स्टमेड्स’ या १,४२४ रुग्णांच्या चाचणीत वर्षभर संदेश पाठवूनही औषधं घेण्याच्या प्रमाणात ठोस फरक पडला नव्हता. आठवणीचा संदेश विसरभोळ्याला उपयोगी. ज्यानं काही कारणानं ठरवून गोळी सोडली आहे त्याला तो नुसता आवाज.

दुसरा पर्याय बाईंच्या बटणांच्या फोनवर मराठी एसएमएस. इथे हिशेब करावा लागला. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. त्यातही मात्रा, अनुस्वार आणि पायमोडीचं चिन्ह प्रत्येकी वेगळं धरलं जातं. ‘स्टेंट’ हा एवढासा शब्द सहा जागा खातो. संदेश सत्तरच्या पुढे गेला की तुकड्यांत जातो आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च जागा मिळतात, पैसे तुकड्यांप्रमाणे. त्याशिवाय दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे संस्थेची, हेडरची (संदेशावर दिसणाऱ्या पाठवणाऱ्याच्या नावाची) आणि मजकुराच्या प्रत्येक साच्याची, अशा संदेशांसाठीच्या डीएलटी पोर्टलवर नोंदणी लागते. साच्यात मागाहून एक शब्द बदलला तरी संदेश अडतो. हे सगळं करता येतं, मोठ्या रुग्णालयांत होतंही. पण बाईंचा फोन उघडून बघितला तर देवनागरीच्या जागी चौकोन दिसत होते. पर्याय तिथेच संपला.

रोमन मराठीत एसएमएस पाठवावा का, यावर पाचच मिनिटं चर्चा झाली. ती लिपी घरात मुलगा वाचतो, आणि मुलापर्यंत तर संदेश आधीच पोहोचत होते.

रेकॉर्ड केलेला आपोआप जाणारा कॉल हा पर्याय कागदावर चांगला दिसतो. वाचायची गरज नाही, साधा फोन चालतो. अडचण अशी की अनोळखी नंबरावरून रेकॉर्ड केलेला आवाज आला की लोक तो कर्जवाल्यांचा समजून कापतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. ऐकला तरी उलट बोलायची सोय नसते, आणि इथे गरज होती ती बाईंचं ऐकून घेण्याची.

फक्त माणसानंच फोन करायचा, संदेश बंद? परिचारिकेच्या यादीत एका वेळी चाळीसेक रुग्ण असतात. प्रत्येकी सहा मिनिटं धरली तरी आठवड्याला चार तास. ओपीडी सांभाळून चार तास काढणं अशक्य नाही, पण सहा महिने सलग टिकत नाही. पहिले चार आठवडे आणि औषधात काही बदल झाला तो आठवडा, एवढं मात्र जमतं.

उरला तो मिश्र मार्ग : सुनेच्या फोनवर आवाजी संदेश, बाईंच्या फोनवर मोजके कॉल, आणि बाईंकडून रुग्णालयाला मिस्ड कॉल.

यात एक गाठ होती ती संमतीची. प्रकृतीची माहिती रुग्णाऐवजी घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फोनवर जाणार. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा बाजूला ठेवला तरी साधी रीत हीच, की ज्याची माहिती त्याला आधी विचारावं. बाईंना विचारलं : कुठल्या गोष्टी सुनेच्या फोनवर चालतील? औषधं, पथ्य, तारखा चालतील. मशेरीचं बोलणं नको. हे त्यांनी न सांगता पथकाला सुचायला हवं होतं, असं वाटण्याइतकं ते उघड आहे. ‘सासूबाईंची मशेरी सोडवा’ असा दवाखान्याचा निरोप सुनेच्या हातात देणं म्हणजे घरात नवं भांडण लावून देणं.

काय केलं

सुरुवात नंबर जतन करण्यापासून. व्हॉट्सॲपच्या साध्या ॲपमधली ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांची असते, आणि ज्याच्या फोनमध्ये पाठवणाऱ्याचा नंबर साठवलेला नाही त्याला तो संदेश पोहोचतच नाही. पाठवणाऱ्याला मात्र पाठवल्याचं समाधान मिळतं. म्हणून सुनेच्या फोनमध्ये ‘दवाखाना सिस्टर’ या नावानं नंबर तिथल्या तिथे साठवला आणि तिच्याकडून ‘नमस्कार’ पाठवून घेतला. आता हे डिस्चार्जच्या कागदाआधी होतं, नंतर नाही.

वेळ बदलली. दुपारी साडेबारा : बाई घरी आलेल्या, सून डबा काढायच्या बेतात, आणि दोघी एका खोलीत. आठवड्याला चारऐवजी दोनच संदेश, दोन्ही आवाजी, तीस सेकंदांच्या आत. एका संदेशात एकच काम. सुरुवात नावानं, कारण त्याच फोनवर रोज ‘लसूण-आल्याच्या रसानं ब्लॉकेज उघडतात’ असले फॉरवर्ड येतात आणि गुलाबाच्या चित्राचे सुप्रभातही येतात. पथकाचे आधीचे संदेश रंगीत पट्टीवर लिहिलेले होते, फॉरवर्डसारखेच दिसायचे. चित्रं काढून टाकली.

मजकूर कसा बदलला, त्याचा एक नमुना. आधीचा असा होता :

“हृदयविकारानंतर औषधोपचारांचे नियमित पालन करणे अत्यंत आवश्यक आहे. आपल्या चिकित्सकांच्या सल्ल्याशिवाय कोणतेही औषध बंद करू नये.”

यात चूक काहीच नाही. पण बाईंनी गोळी चिकित्सकाच्याच सल्ल्यानं बंद केली होती. चिकित्सक दातांचा होता, एवढंच. नवा संदेश परिचारिकेच्या आवाजात :

“मावशी, सिस्टर बोलतेय. दातवाले, डोळेवाले, गुडघेवाले, कुणीही म्हणालं की रक्त पातळ करायची गोळी बंद ठेवा, तर त्यांना सांगायचं, माझ्या हृदयात स्टेंट आहे, आधी आमच्या दवाखान्याला फोन लावा. आणि आम्हाला मिस्ड कॉल द्यायचा. आमचा फोन येईपर्यंत गोळी चालू.”

सोबत खिशात मावेल असं लॅमिनेट केलेलं कार्ड दिलं : स्टेंट बसवल्याची तारीख, दोन गोळ्यांची मूळ नावं, ‘या तारखेपर्यंत बंद करू नये’ आणि ओपीडीचा नंबर. ते बाईंच्या पैशाच्या पिशवीत गेलं. सॉर्बिट्रेटची पट्टीही देव्हाऱ्यातून त्याच पिशवीत आली. तिचा संदेश वेगळा आणि महिन्यातून दोनदा : छातीत दाटलं की आधी खाली बसायचं, उभ्यानं गोळी घेतली तर रक्तदाब उतरून घेरी येते. एक गोळी जिभेखाली. पाच मिनिटांत बरं वाटलं नाही की १०८. पोराची वाट बघायची नाही, रिक्षा शोधायची नाही.

गोळ्यांच्या नावांचा घोळ संदेशानं सुटणारा नव्हता. तिथे उलटा मार्ग काढला : नवी पट्टी आणली की सुनेनं मागच्या बाजूचा फोटो पाठवायचा, परिचारिका मूळ नाव बघून ‘ही रात्रीची’, ‘ही दुपारची’ एवढंच आवाजात सांगते. फोटोत पट्टीची चकाकी येते आणि अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून पट्टी खिडकीजवळ तिरकी धरायची हेही शिकवावं लागलं. एकत्रित गोळ्यांवर विशेष नजर ठेवावी लागते. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकाच कॅप्सूलमध्ये मिळतात. दुकानदारानं तसली दिली आणि घरात जुनी ॲस्पिरिनची पट्टी उरली असेल, तर दुप्पट ॲस्पिरिन पोटात जातं.

मिठाचंही असंच. ‘दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी’ हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप बरोबर आहे, पण स्वयंपाकघरात ग्रॅम मोजायला कुणी बसत नाही. पाच माणसं, दिवसाला पंचवीस ग्रॅम, म्हणजे किलोचा पुडा निदान चाळीस दिवस पुरला पाहिजे. लोणचं, पापड आणि फरसाणातलं मीठ यात धरलेलं नाही, म्हणून त्याहून जास्त पुरला तर उत्तम. सुनेनं पुड्यावर तारीख लिहायला सुरुवात केली. पहिला पुडा सव्वीस दिवसांत संपला.

चालण्याचे संदेश या घरासाठी पूर्ण बंद केले. सारसबागेत किंवा तळजाईवर फेऱ्या मारायला सांगणारा मजकूर निवृत्त बँक कर्मचाऱ्याला ठीक आहे. पहाटे चारपासून पायावर असलेल्या बाईला ‘रोज तीस मिनिटं चाला’ म्हणणं म्हणजे तिच्या दिवसाचा पत्ताच नसणं. तिला सांगायचं होतं ते ओझ्याचं : क्रेट हमालाकडून उतरवून घ्यायचा, पाटी दोनदा भरायची पण अर्धी, आणि उचलताना श्वास रोखून जोर लावायचा नाही. हे फिजिओथेरपिस्टनी ओपीडीत रिकाम्या क्रेटवर करून दाखवलं.

मशेरीचं बोलणं परिचारिकेनं बाईंच्याच फोनवर, दुपारी सून धुणं धुवायला गेल्यावर, चार वेळा केलं. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६ आहे, तीही सांगितली. बाईंनी तिथे फोन केला नाही. त्यांना सिस्टरशीच बोलायचं होतं.

निष्पत्ती

दाढ गणपतीनंतर निघाली, दोन्ही गोळ्या चालू ठेवून. हृदयरोगतज्ज्ञांनी दातांच्या डॉक्टरांशी स्वतः फोनवर बोलून घेतलं. रक्त नेहमीपेक्षा थोडं जास्त वेळ आलं आणि थांबलं.

सहा महिन्यांच्या आत क्लोपिडोग्रेल पुन्हा बंद झाली नाही. मिस्ड कॉल आले ते बहुतेक क्षुल्लक कारणांसाठी : एकादशीला गोळ्या घ्यायच्या का, खोकल्याचं औषध चालेल का. खोकल्याचा मिस्ड कॉल मात्र क्षुल्लक निघाला नाही. कोरडा, रात्रीचा खोकला रॅमिप्रिलमुळे होता आणि डॉक्टरांनी ती बदलून दिली. विचारायची सोय नसती तर बाईंनी ती गोळीही मनानं सोडली असती, असं मानायला जागा आहे.

एलडीएल झटक्याच्या वेळी १४२ होतं, तीन महिन्यांनी ६८. इतक्या जोखमीच्या रुग्णासाठी लक्ष्य ५५ च्या खाली, म्हणून कोलेस्टेरॉल कमी करणारं आणखी एक औषध, एझेटिमाइब १०, जोडलं. मशेरी तीनवरून एकवर आली. सकाळची सुटलेली नाही.

उलट बोलायची सोय केल्यावर एक नवा धोका उभा राहिला. एका रविवारी रात्री मुलानं सुनेच्या फोनवरून आवाजी संदेश पाठवला : “आईला छातीत भरून आल्यासारखं होतंय, काय करू?” तो सोमवारी सकाळी नऊला ऐकला गेला. सुदैवानं त्यांनी उत्तराची वाट न बघता बाईंना जवळच्या रुग्णालयात नेलं होतं आणि तपासण्या ठीक आल्या. आता रात्री आणि सुटीच्या दिवशी आलेल्या कोणत्याही संदेशाला आपोआप उत्तर जातं : “आत्ता इथे कुणी नाही. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तर लगेच १०८.” देवनागरीत, आणि सोबत रोमन मराठीतही, कारण रात्री फोन हातात असतो तो मुलाच्या.

निर्णयाचे टप्पे आणि वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधीचा निर्णय डिस्चार्जच्या टेबलावर झाला आणि तो निर्णय आहे असं कुणाला वाटलंही नाही : कोणता नंबर लिहायचा. त्या दोन मिनिटांत तीन प्रश्न विचारले असते तर पुढचं बरंच टळलं असतं. गोळ्या काढून कोण देतं? त्या माणसाकडे कोणता फोन आहे? तो दिवसा कुठे असतो? आता अर्जावर हे तीन रकाने आहेत. चौथा मशेरी, गुटखा, पान यांचा, प्रत्येकाचं नाव वेगळं लिहून.

निळ्या टिकेवर विसंबणं हा दुसरा टप्पा. पथकाकडे मोजायला सोपी अशी तेवढीच गोष्ट होती. तिच्याऐवजी दर पंधरवड्याला एक प्रश्न विचारता आला असता, ज्याचं उत्तर फक्त गोळ्या बघणाराच देऊ शकतो : दुपारच्या पट्टीत आज किती उरल्या? उरलेल्या आणि उरायला हव्या होत्या त्या गोळ्यांचे आकडे जुळले नाहीत की फोन. हे आता होतं, आणि निळ्या टिकेचा रकाना तक्त्यातून काढला आहे. काहींना तो काढायला नको होता. देणगीदारांना दाखवायला बरा पडतो.

घरभेट करावी की नाही, यावर मतभेद आजही आहे. या प्रकरणात कामाचं जवळपास सगळं घरभेटीत कळलं. पण प्रत्येक घरी जाणं शक्य नाही. एक तोडगा चाचपून बघण्यासारखा आहे : सुनेला किंवा जो कोणी गोळ्या देतो त्याला, गोळ्यांचा डबा जिथे ठेवला आहे तिथला एक फोटो मागवणं. देव्हाऱ्यातली पट्टी त्यात दिसली असती. मशेरी दिसली नसती.

संदेशांची संख्या निम्म्यावर आणण्याचा निर्णय बरोबर होता की केवळ या घरापुरता बरोबर होता, हे एका प्रकरणावरून ठरत नाही. इतर रुग्णांना आठवड्याला चार चालूच आहेत.

एक टप्पा अजून यायचा आहे. उपक्रम सहा महिन्यांचा, कारण ज्या ‘टेक्स्ट मी’ चाचणीवरून तो बेतला ती सहा महिन्यांची होती. दोन गोळ्या मात्र बारा महिन्यांच्या. म्हणजे संदेश थांबतात तेव्हा क्लोपिडोग्रेलचे सहा महिने बाकी असतात. बाईंसाठी सातव्या महिन्यापासून महिन्याला एक आवाजी संदेश आणि एक कॉल असा धागा चालू ठेवला आहे. बाराव्या महिन्यात क्लोपिडोग्रेल बंद होईल तेव्हा घरात ‘रक्त पातळ करायची गोळी बंद झाली’ असा निरोप फिरेल आणि ॲस्पिरिनही सुटेल, ही भीती खरी आहे. ‘गुलाबी बंद, पांढरी चालू’ असा संदेश लिहून ठेवला होता. मधल्या काळात जनऔषधीतून आलेल्या क्लोपिडोग्रेलचा रंग बदलला, म्हणून तो रद्द केला. त्या महिन्यात बाई आणि सून दोघींनी घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून ओपीडीत यायचं, जी थांबवायची ती पट्टी तिथेच काढून घ्यायची आणि उरलेल्यांचा फोटो सुनेच्या फोनमध्ये ठेवायचा, असं ठरलं आहे.